जलस्रोतांच्या जैविक निरीक्षणासाठी सल्लागार कसा नेमावा: कोकणातल्या पाणीपुरवठा संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने

पर्यावरण सल्लागार नेमायची फाइल बहुतेक ठिकाणी एकाच वाक्याने उघडते: 'तीन दरपत्रके मागवावीत.' काय मोजायचे, कुठे, कोणत्या महिन्यात, आणि आकडे हाती आल्यावर जलशुद्धीकरण केंद्रावर काय बदलणार, यातले काहीच त्या पत्रात नसते. मग प्रत्येक सल्लागार आपल्याला सोयीचे काम मनात धरून दर भरतो, सर्वांत कमी दराला काम जाते आणि वर्षाअखेर एक जाडजूड अहवाल येतो. त्यात पक्ष्यांची यादी असते, फुलपाखरांची असते. एप्रिलमध्ये जॅकवेलच्या (धरणातून पाणी उचलण्याच्या विहिरीच्या) तोंडाशी साचणाऱ्या हिरव्या तवंगाबद्दल मात्र त्यात अवाक्षर नसते.

हा लेख नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे पाणीपुरवठा अभियंते, ग्रामपंचायत अधिकारी, पाणी समित्यांचे सदस्य आणि औद्योगिक वसाहतींच्या पाणी विभागात काम करणारे यांच्यासाठी आहे. टप्प्यांचा क्रम मोडू नका. यातल्या बहुतेक चुका अज्ञानामुळे होत नाहीत, क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

## टप्पा १: तीनपैकी कोणते काम हवे ते ठरवा

'जैविक निरीक्षण' या एका नावाखाली तीन वेगळी कामे येतात आणि त्यांना माणसेही वेगळी लागतात.

शुद्ध पाण्याची जीवाणू तपासणी. आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. हे प्रयोगशाळेचे नेहमीचे काम आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा ते करतातच. तेवढ्यासाठी सल्लागार नेमू नका.

स्रोत आणि केंद्रातले जीव. धरणात किंवा तलावात वाढणारे शैवाल, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), गाळणीतून निसटणाऱ्या डासवर्गीय अळ्या, मातकट वास, गाळणी लवकर तुंबणे. यासाठी शैवाल ओळखणारा माणूस हवा आणि त्याला जलशुद्धीकरण केंद्र कसे चालते हेही कळायला हवे. हा दुसरा भाग फार कमी जणांकडे असतो.

केंद्रामुळे ओढ्यावर, नदीवर किंवा खाडीवर होणारा परिणाम. बंधारा, पाणी उचलणे, गाळण्या धुतल्यावर वहाळात सोडलेले तुरटीयुक्त गढूळ पाणी, टाकी धुताना वाहून गेलेले क्लोरीनचे पाणी. यासाठी तळाशी राहणारे कीटक, मासे आणि खाडीकाठी कांदळवन जाणणारे लोक लागतात.

एखाद्या संस्थेला तिन्ही कामे लागतील, पण ती एका ओळीत कोंबू नका. प्रत्येक कामासाठी एक निर्णयवाक्य लिहा. नमुना: 'मार्च ते जून या काळात निळ्या-हिरव्या शैवालाची संख्या वाढली तर पाणी कोणत्या खोलीवरून उचलायचे आणि गाळण्यापूर्वीचे क्लोरिनेशन चालू ठेवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी आकडे हवेत.'

तपासा: निर्णयवाक्य लिहिता येत नसेल तर अजून सल्लागार शोधायची वेळ आलेली नाही.

## टप्पा २: घरातली माहिती आधी बाहेर काढा

सल्लागार आल्यावर पहिले दोन महिने तुमच्याच नोंदवह्या मागत बसतो आणि त्या दोन महिन्यांचे पैसे तुम्ही भरता. म्हणून पुढच्या गोष्टी आधीच एका ठिकाणी आणून ठेवा.

केंद्राची रोजची नोंदवही: कच्च्या पाण्याचा गढूळपणा, तुरटीची आणि क्लोरीनची मात्रा, गाळणी किती तासांनी धुवावी लागते, शेवटच्या नळावरचा अवशिष्ट क्लोरीन. निदान गेल्या तीन पावसाळ्यांची तरी असावी. गाळणी धुण्यामधले तास उन्हाळ्यात झपाट्याने कमी होत असतील, तर शैवालाची गाठ तिथेच आहे, हे कोणी न सांगता कळते. तक्रारवहीही काढा. 'पाण्याला मातीचा वास' अशी तक्रार दरवर्षी त्याच पंधरवड्यात येत असेल तर ती फार मोलाची नोंद आहे, कारण तो वास बहुधा जिओस्मिनसारख्या द्रव्यांचा असतो आणि ती द्रव्ये काही शैवाल व जीवाणू तयार करतात.

नकाशावर स्रोताच्या वरच्या अंगाची प्रत्येक वाडी, गोठा, कपडे धुण्याची जागा, वाळू किंवा चिरेखाण आणि आंब्या-काजूच्या बागा दाखवा. मोहर धरल्यापासून फळ भरेपर्यंत बागांत फवारण्या चालतात आणि ओढ्याचे पाणी नेमके त्याच दिवसांत आटत जाते. फवारणीचे औषध ओढ्यात उतरले तर तळातले कीटक मरतात, आणि बागा नकाशावर नसतील तर दोष बंधाऱ्यावर येतो.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. ती मागून घ्या. त्यातल्या माशांच्या स्थानिक नावांचा पुढे उपयोग होतो.

## टप्पा ३: वेळापत्रक पाण्याच्या हिशेबाने बांधा

या टप्प्यावर सर्वांत जास्त पैसा वाया जातो. निधी जानेवारी-फेब्रुवारीत मोकळा होतो, मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, आणि म्हणून सगळे सर्वेक्षण मार्चच्या दोन आठवड्यांत उरकले जाते. अहवालावर मात्र 'तीनही ऋतूंचा अभ्यास' असे छापलेले असते. कोकणात वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. इथले ओढे जांभ्यावरून वाहतात, पावसाळ्यात उसळतात आणि उन्हाळ्यात कोंडींपुरते, म्हणजे डोहांपुरते, उरतात. एका महिन्याच्या भेटीवरून त्यांच्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

कोणता महिना कशासाठी, ते असे:

ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाणी निवळलेले, प्रवाह चालू, दगड स्थिरावलेले. तळातल्या कीटकांच्या नमुन्यांना हा सर्वांत चांगला काळ. पायाभूत आकडे इथूनच घ्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी. बागांतल्या फवारण्या आणि घटता प्रवाह. त्याच ठिकाणांची दुसरी फेरी.

मार्च ते मे. पातळी खाली, पाणी तापलेले. धरणातल्या आणि तलावातल्या शैवालासाठी भेटी निदान पंधरवड्याला एक हव्यात, कारण तवंग आठवड्याभरात तयार होतो. खाडीलगतच्या बंधाऱ्यांवर याच दिवसांत भरतीचे खारे पाणी वर सरकते, तेव्हा क्षारतेची नोंद भरती-ओहोटीची वेळ लिहूनच घ्यावी. या काळात काही ठिकाणी मासे पकडण्यासाठी कोंडीत विषारी पदार्थ टाकले जातात. असे घडले असेल तर त्या कोंडीचा आकडा तुमच्या केंद्राबद्दल काहीही सांगत नाही, म्हणून नमुन्यापूर्वी गावात विचारून घेणे हे कामाचाच भाग समजा.

जूनचा पहिला पूर. कच्च्या पाण्याचा गढूळपणा आणि जीवाणू एकदम वाढतात. याच दिवसांत वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला निघालेले, मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. बंधारा माशांना अडवतो का, हा तुमचा प्रश्न असेल तर उत्तर याच थोड्या दिवसांत मिळते. डिसेंबरात कितीही जाळी लावली तरी ते मिळत नाही.

जुलै-ऑगस्ट. ओढ्यात उतरून नमुने घेणे धोक्याचे आहे आणि मिळालेला नमुना निरुपयोगीही असतो. कच्च्या पाण्याच्या जीवाणू तपासण्या मात्र चालू ठेवा.

म्हणून करार ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन पुढच्या सप्टेंबरला संपेल असा बांधा आणि खर्चाची तरतूद दोन आर्थिक वर्षांत विभागून घ्या. लेखा विभागाला हे आधी पटवावे लागते. त्यासाठी वेळ ठेवा, नंतर पटत नाही.

सावधान: चिपळूणजवळच्या वाशिष्ठीला कोयना प्रकल्पाच्या वीजनिर्मितीतून सुटलेले पाणी मिळते. शेजारच्या नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही ती वाहती राहते. तिच्यावरचे आकडे दुसऱ्या नदीसाठी 'सर्वसाधारण कोकण' म्हणून वापरलेले दिसले तर तिथेच अहवाल थांबवा.

## टप्पा ४: कार्यकक्षा स्वतः लिहा

कार्यकक्षा, म्हणजे काय, कुठे आणि कसे मोजायचे ते सांगणारा कागद, सल्लागाराकडून लिहून घेऊ नका. शंका असल्यास एखाद्या प्राध्यापकाला मानधन देऊन मसुदा तपासून घ्या, पण निविदेत भाग घेणाऱ्याच्या हाती तो जाऊ देऊ नका. पुढचे मुद्दे तीत असायलाच हवेत.

ठिकाणे. छोट्या धरणावरच्या योजनेसाठी साधारण अशी: धरणात येणारा मुख्य ओढा, जॅकवेलजवळ पृष्ठभागावर आणि पाणी उचलण्याच्या खोलीवर, गाळणीनंतर, जलकुंभ, शेवटचा नळ, गाळण्यांचे धुणपाणी सोडण्याच्या जागेच्या वर आणि खाली. शिवाय तुमच्या योजनेचा काही संबंध नसलेला, तसाच जांभ्यावरचा आणि तेवढ्याच आकाराचा एक संदर्भ ओढा घ्या. संदर्भ ओढा वगळला तर एप्रिलमध्ये कीटक कमी झाले ते तुमच्यामुळे की ओढा आटल्यामुळे, हे कधीच कळणार नाही. खर्च वाचवायला सर्वांत आधी हेच ठिकाण काढले जाते. ते काढू देऊ नका.

शैवाल मोजण्याची रीत. 'प्लवक जाळी ओढून नमुना घ्यावा' एवढेच लिहिले तर तुम्हाला नावे मिळतील, संख्या मिळणार नाही. बारीक पेशी जाळीतून निसटतात. संख्येसाठी ठरावीक आकारमानाचे अख्खे पाणी घ्यावे लागते, त्यात लुगोलचे आयोडीन द्रावण फिकट चहाचा रंग येईपर्यंत टाकावे लागते, ते निवळू द्यावे लागते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीपात्रात मोजावे लागते. निकाल 'प्रति मिलिलिटर पेशी' असाच मागा. मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शैवालाची एक वसाहत म्हणजे एक जीव धरून मोजणी केली तर हजारो पेशी एका आकड्यात लपतात. नमुन्याची वेळ आणि खोली लिहिणे बंधनकारक करा, कारण काही निळे-हिरवे शैवाल दिवसात वरखाली होते.

तळातले कीटक. जाळीचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे, प्रत्येक ठिकाणी तीन स्वतंत्र नमुने, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ दगड ढवळणे, आणि पूर्ण वर्षभर तेच हात. नमुने सत्तर टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत. ओळख कुळापर्यंत पुरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक जलगुणवत्ता निकषांत कुळानुसार गुण देऊन ० ते १० चा सॅप्रोबिक (प्रदूषण दाखवणारा) गुणांक आणि ० ते १ चा विविधता गुणांक काढतात, आणि पाण्याला स्वच्छ ते अति प्रदूषित असे पाच वर्ग देतात. पद्धत चांगली आहे, पण तिचे मूळ गुण ब्रिटनमधल्या नद्यांवरून बेतलेले आहेत. हंगामी ओढ्यांवर ती लावताना नुसता वर्ग वाचू नका, संदर्भ ओढ्याशी तुलना वाचा.

सोबतचे मोजमाप. तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, सामू, विद्युतवाहकता, गढूळपणा आणि धरणात सेकी तबकडीची (पाण्यात सोडून पारदर्शकता मोजायच्या तबकडीची) खोली. जैविक नमुना आणि हे आकडे एकाच वेळी, एकाच ठिकाणी.

दर्जाची हमी. दहापैकी एक नमुना दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा ओळखून घेणे, प्रत्येक जातीचा छायाचित्रित पुरावा, आणि ओळख पटली नाही तर 'अनिश्चित' लिहिण्याची मुभा. यादीत एकही 'अनिश्चित' नसलेला ओढ्याचा अहवाल मला तरी विश्वासार्ह वाटत नाही.

तपासा: कार्यकक्षेतल्या प्रत्येक मोजमापासमोर टप्पा १ मधले कोणते निर्णयवाक्य त्याने सुटते ते लिहा. समोरचा रकाना रिकामा राहिला ते मोजमाप काढून टाका. पक्ष्यांची यादी बहुधा इथेच गळते.

## टप्पा ५: परवानग्या कोणाच्या, ते निविदेपूर्वी शोधा

धरण जलसंपदा विभागाचे असेल तर त्यांची, राखीव वनातून जावे लागत असेल तर वन विभागाची, मासे पकडायचे असतील तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. कांदळवनात पाय ठेवण्यापूर्वी कांदळवन कक्षाशी बोला. पाणमांजर आणि मगर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही, फक्त खुणा नोंदवायच्या.

गावाची संमती ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कागदावर मिळत नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवीच्या नावाने राखलेल्या कोंडी कोकणात आहेत, तिथले मासे कोणी मारत नाही. अशा ठिकाणी जाळे टाकण्याचा प्रश्नच येत नाही. काठावरून निरीक्षण, तेही गावकऱ्यांना विचारून.

परवानगीचा अर्ज संस्थेच्या नावाने करा. सल्लागाराच्या नावाने केला आणि सल्लागार बदलला, तर सगळे पुन्हा करावे लागते.

## टप्पा ६: माणसे तपासा, लेटरहेड नव्हे

दोन प्रमाणपत्रे निविदांमध्ये सर्रास मागितली जातात, आणि दोन्हींचा अर्थ चुकीचा लावला जातो.

नॅबेट या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थांसाठी असते. ती असणे चांगलेच, पण त्यावरून त्या संस्थेतल्या कोणाला मायक्रोसिस्टिस ओळखता येते हे सिद्ध होत नाही. त्या मान्यतेत परिस्थितिकी आणि जैवविविधतेचा तज्ज्ञ म्हणून कोणाचे नाव आहे ते बघा, आणि तोच माणूस तुमच्या ओढ्यावर येणार का ते विचारा.

एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता प्रयोगशाळेला मिळते, पण ती सरसकट नसते. ती ठरावीक नमुन्याच्या ठरावीक चाचण्यांपुरती असते आणि त्या व्याप्तीची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रमाणपत्राची मुदत आणि व्याप्ती दोन्ही तपासा. पिण्याच्या पाण्यातल्या ई. कोलायसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा शैवालाची मोजणी करू शकते, असे त्यातून निघत नाही.

प्रयोगशाळा कुठे आहे हा कोकणात कळीचा प्रश्न आहे. जीवाणूंचा नमुना थंड पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत तपासायला लागला पाहिजे. दोडामार्ग किंवा मंडणगडहून नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर पावसाळ्यात घाट बंद पडला की सगळे गणित कोसळते. सल्लागाराने जवळच्या प्रयोगशाळेशी लेखी व्यवस्था दाखवलीच पाहिजे. रविवारी आणि सुट्टीला तिथे नमुना घेतात का, हेही विचारा.

दुसरे मत किंवा ओळखीची पडताळणी हवी असेल तर शिरगाव, रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालय, पुण्यातले भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि खाडीसाठी गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्याकडे विचारणा करता येते. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांत उत्तम क्षेत्रकाम करणारे शिक्षक असतात. त्यांचा एप्रिल-मे परीक्षांत जातो, तेव्हा त्यांच्यावर विसंबताना शैवालाच्या भेटी कोण करणार ते आधी ठरवा.

सावधान: शैवालनाशक रसायने विकणारा, केंद्र चालवण्याचा ठेका असलेला किंवा त्या ठेकेदाराशी भागीदारी असलेला माणूस निरीक्षणासाठी नेमू नका. हितसंबंध नसल्याचे लेखी घ्या.

## टप्पा ७: दर उघडण्यापूर्वी परीक्षा घ्या

दोन लिफाफा पद्धत वापरा. तांत्रिक लिफाफ्यात पात्र न ठरलेल्याचा दराचा लिफाफा उघडायचाच नाही, आणि तांत्रिक गुणांचा भार दरापेक्षा जास्त ठेवायचा. बाकी निविदेची प्रक्रिया तुमच्या नियमांप्रमाणे.

तांत्रिक गुण देताना कागदांवर थांबू नका. सर्व इच्छुकांना एकाच दिवशी स्रोतावर बोलवा. वहाळात न उतरता गाडीतून परत जाणारा लगेच कळतो. मग मुलाखतीत तीन गोष्टी करा.

मागच्या एखाद्या कामाची कच्ची आकडेवारी मागा, म्हणजे क्षेत्रभेटीच्या नोंदींची पाने. छापील अहवाल सगळे दाखवतात, पाने सगळ्यांकडे नसतात.

लुगोलमध्ये ठेवलेला एक नमुना समोर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला सांगा. जो माणूस प्रत्यक्ष ओळख करणार आहे त्यालाच बसवा, संचालकाला नको.

आणि एक प्रश्न विचारा: 'एप्रिलमध्ये जॅकवेलजवळ हिरवा तवंग दिसला, पहिल्या दिवशी काय कराल?' 'लगेच मोरचूद टाकू' किंवा 'क्लोरीन वाढवू' असे उत्तर आले तर सावध व्हा. दोन्हींमुळे पेशी फुटतात आणि त्यांच्यातले विष पाण्यात मोकळे होते. असे विष उकळूनही जात नाही. जाणता माणूस आधी नमुना घेईल, शैवाल विषारी गटातले आहे का ते पाहील, पाणी उचलण्याची खोली बदलता येते का ते विचारेल आणि पेशी अखंड असतानाच त्या तुरटीने व गाळणीने काढण्याबद्दल बोलेल. मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य दीर्घकाळच्या पिण्यासाठी प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा आणि त्याची तपासणी कुठे होते, हे त्याला माहीत असावे.

## टप्पा ८: करारात या अटी घाला

नावानिशी माणसे. बदली हवी तर तुमच्या लेखी संमतीने आणि त्याच पात्रतेची. पोटकंत्राट नाही.

पैसे भेटींशी बांधा. एक भेट, तिची कच्ची आकडेवारी, तिचे बिल. निदान पाचवा हिस्सा रक्कम शेवटच्या पडताळणीपर्यंत राखून ठेवा. जादा नमुन्यांचा दर आधीच ठरवून घ्या, म्हणजे तवंग आल्यावर घासाघीस करावी लागणार नाही.

तातडीची सूचना. शुद्ध पाण्यात ई. कोलाय किंवा स्रोतात विषारी गटातले शैवाल आढळले तर त्याच दिवशी फोन आणि लेखी संदेश. अहवालाची वाट पाहायची नाही. ही अट नसल्यामुळे मेमधला निकाल ऑगस्टमध्ये वाचायला मिळतो आणि मधल्या काळात लोक तेच पाणी पितात.

मालकी. कच्ची आकडेवारी, छायाचित्रे, क्षेत्रनोंदी आणि जपलेले नमुने संस्थेचे. आकडेवारी तक्त्याच्या फाइलमध्ये, नुसती पीडीएफ नको.

सुरक्षा. पुरात नमुना घेण्याचा हट्ट नाही, भेट पुढे ढकलण्याची मुभा करारातच हवी. कोणीही एकटा पाण्यात उतरायचा नाही, होडीत जीवरक्षक जाकीट. लेप्टोस्पायरोसिस कोकणात पावसाळ्यात नेहमीचा आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमुळे पसरतो. पथकाने जाण्यापूर्वी स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, पूर्ण बाह्या आणि गमबूट घालावेत, आणि पथकाचा विमा असावा.

## टप्पा ९: नमुना घेताना तुमचा माणूस तिथे हवा

केंद्रावरचा ऑपरेटर किंवा जलसुरक्षक प्रत्येक भेटीला सोबत पाठवा. त्याने एवढेच बघायचे आहे:

१. क्लोरीनयुक्त पाण्यासाठीच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आहे का? नसेल तर वाटेतही क्लोरीन जीवाणू मारत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. ही चूक सर्वांत जास्त होते, आणि निकाल चांगला आल्यामुळे कोणी तक्रारही करत नाही.

२. त्याच क्षणी अवशिष्ट क्लोरीन मोजून लिहिला का? आयएस १०५०० मध्ये तो किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे.

३. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि खोली नमुना घेतानाच लिहिली का, की गाडीत बसून?

४. ओढ्यात काम खालून वर चालले आहे ना? वर आधी ढवळले तर खालचा नमुना बिघडतो.

५. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना जाळी धुऊन वाळवली का?

६. थंड पेटीत बर्फ आहे का, आणि पेटी किती वाजता निघाली?

नोंदीवर दोघांच्या सह्या. छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश उमटलेले असावेत.

## टप्पा १०: अहवाल स्वीकारण्यापूर्वी

सारांश सर्वांत शेवटी वाचा. आधी कच्चे आकडे तुमच्या नोंदवहीशी ताडून पाहा. ज्या आठवड्यात गाळणी रोज धुवावी लागत होती, त्याच आठवड्यात शैवाल 'नगण्य' दाखवले असेल तर खुलासा मागा. ऑपरेटरच्या सहीच्या तारखा आणि अहवालातल्या तारखा जुळतात का ते बघा. तीन स्वतंत्र नमुन्यांचे आकडे हुबेहूब सारखे असतील तर ते तीन नमुने नव्हतेच.

माशांची यादी गावातल्या दोन जुन्या गरवणाऱ्यांना (गळाने मासे पकडणाऱ्यांना) वाचून दाखवा, छायाचित्रांसह. त्या ओढ्यात कधीच न दिसलेले मासे यादीत असतील तर ती बहुधा दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून आलेली असते. उलट, त्यांना रोज दिसणारा मासा यादीत नसेल तर जाळी चुकीच्या जागी लागली होती.

अहवालासोबत दोन पानांचा मराठी गोषवारा मागा. त्यात टप्पा १ मधल्या प्रत्येक निर्णयवाक्याचे उत्तर हवे: किती आकडा झाल्यावर, कोणी, काय करायचे. तो केंद्राच्या भिंतीवर लावता आला पाहिजे. जैवविविधता समितीला नोंदवहीसाठी प्रत द्या आणि ग्रामसभेत तो वाचा, कारण पाणी त्यांचे आहे.

राखून ठेवलेली रक्कम सोडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घ्या: ऑपरेटरसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आणि तुमच्याच धरणात सापडलेल्या शैवालांचा छायाचित्रांचा तक्ता. त्यानंतर दर सोमवारी सेकी तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचे, जॅकवेलजवळच्या पाण्याचा फोटो काढायचा आणि वास आला तर नोंदवायचे. हे काम ऑपरेटरच्या कर्तव्यसूचीत लेखी घाला आणि त्याची वही पुढच्या वर्षीच्या निविदेला जोडा.